पांघरूण नको, उतारा द्या!

सोलापूर-धुळे हमरस्त्यावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात तेरखेडा नावाचे गाव आहे. मराठवाड्याच्या दिवाळीत जी शोभेची दारू उडते, तिच्यातील बराच भाग या गावच्या कारखान्यांतून येतो. आश्विन महिना लागला की दूरदूरची माणसे तेथे फटाके घ्यावयास येतात. त्याच दिवसांत काही मोटारी हमरस्ता सोडून गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीकडेही वळतात. त्यांतून पांघरुणे निघतात, जुने कपडे निघतात, फराळाची पाकिटे निघतात. मुलांना ओळीने उभे करण्यात येते, छायाचित्रे घेतली जातात, कोणी चार शब्द उपदेशाचे बोलतो आणि तासाभरात मोटारी परत फिरतात. मग पुढील आश्विनापर्यंत त्या वस्तीत मोटार येते ती बहुधा पोलिसांची!

या दानाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. थंडीने कुडकुडणाऱ्या लेकराच्या अंगावर कोणी वस्त्र घालीत असेल, तर त्याचा हात धरणारा माणूस मी नव्हे. परंतु ‘पांघरूण घालणे’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक ऊब देण्याचा आणि दुसरा अन्याय झाकण्याचा. वर्षानुवर्षे पारध्याच्या वस्तीवर जी पांघरुणे पडत आहेत, त्यांनी पहिले काम थोडे आणि दुसरे काम पुष्कळ केले, असा माझा स्पष्ट आरोप आहे. आणि हा आरोप मी केवळ इतरांवर करीत नाही. बंधुभगिनींनो, तो तुमच्याआमच्यावरही आहे.

विस्थापित कोण?

विस्थापित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पूर येतो, भूकंप येतो, युद्ध येते. ज्याचे घर पाण्याखाली गेले किंवा आगीत जळाले तो विस्थापित. पण ज्याला घर होऊच दिले नाही त्याला काय म्हणावे? आमच्या धाराशिव जिल्ह्यात पारध्यांच्या वस्तीला ‘पिढी’ म्हणण्याचा प्रघात आहे. पोलिसांच्या कागदांतही ‘पारधी पिढी’ असाच शब्द सापडतो. हा शब्द किती खरा आहे! कारण या माणसांचे उठणे आणि उठविले जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे.

हे दैवाने झालेले नाही, कायद्याने झालेले आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 व 1924 साली तो अधिक व्यापक केला. जमातीचे नाव एकदा त्या यादीत गेले की तिच्यातील माणसाने पोलिसांपुढे हजेरी द्यावयाची आणि परवानगीवाचून मुक्काम हलवावयाचा नाही, असा त्याचा व्यवहार होता. कित्येकांना कुंपण घातलेल्या वसाहतींत ठेवण्यात आले. तशी एक वसाहत आपल्या शेजारी सोलापुरात होती. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होता हे खरे. परंतु संशयाला संस्थानाची सरहद्द अडवीत नसते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. म्हणजे ज्या स्वातंत्र्याचा झेंडा आपण 15 ऑगस्ट 1947 रोजी फडकविला, ते या देशातील ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या दारी पोहोचावयास आणखी पाच वर्षे आणि सोळा दिवस लागले. पुढे 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचे नाव कागदावरून गेले. कोतवालीतील नजर मात्र तीच राहिली. असले सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीला 2007 साली भारताला सांगावे लागले.

त्यानंतर 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. वन्य प्राणी वाचावेत या हेतूशी कोणाचेही भांडण नाही. परंतु तितर, लावे आणि ससे फासे टाकून धरणे हाच ज्याचा वंशपरंपरागत धंदा, त्याला उद्यापासून तू काय खाशील, असे त्या वेळी कोणी विचारले काय? धरणासाठी शेत गेले तर मालकाला मोबदला मिळतो. पारध्याचे रान गेले, त्याचा छदामही कोणी दिला नाही. 1871 साली माणूस गुन्हेगार ठरला आणि 1972 साली त्याचे पोट गुन्हेगार ठरले. पुराशिवाय आणि भूकंपाशिवाय झालेले हे विस्थापन आहे. म्हणूनच त्याचा पंचनामा कधी झाला नाही.

मदतीचे माप

मदत कशी दिली जाते आणि ती हक्क केव्हा होते, याचे दोन धडे याच मराठवाड्याच्या मातीत आहेत.

पहिला धडा भूकंपाचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या कामाची थोरवी मी नाकारीत नाही. पण घर किती मोठे द्यावयाचे याचे माप काय होते? भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400 चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला 750 चौरस फूट! धरणीकंपाने कोणाचा सातबारा पाहिला नव्हता; मदतीने तो पाहिला. ज्याच्यापाशी अधिक होते त्याला अधिक मिळाले. मग ज्याचे घर म्हणजे चार काठ्या आणि एक फाटके पाल, त्याचा या मापात हिशेब कोठे बसणार? ज्याला भिंतच नव्हती, त्याची भिंत पडली असे कोणता तलाठी लिहील?

दुसरा धडा दुष्काळाचा. 1972 च्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची कामे काढली. प्रथम ती सरकारची मेहेरबानी होती. पण माणसे संघटित झाली, प्रश्न विधिमंडळात गेला, आणि 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम न दिल्यास भत्ता. कालपर्यंत हात पसरून उभा असलेला मजूर त्या दिवसापासून अर्ज घेऊन उभा राहिला. हात पसरणे आणि अर्ज करणे यांत जे अंतर आहे, तेच दया आणि न्याय यांतील अंतर होय.

तेरखेड्याच्या वस्तीला आजवर जे मिळाले ते पहिल्या जातीचे आहे. तिला पाहिजे आहे ते दुसऱ्या जातीचे.

कागदाचे कुंपण

वाचकांपैकी पुष्कळांना वाटत असेल की सवलती तर आहेतच, मग अडते कोठे? ते मी वकील म्हणून सांगतो. फासेपारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींच्या यादीत आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे गावाने एकाच नजरेने पाहिले, त्यांना कागदाने दोन घरांत वाटले. आता फासेपारध्याच्या मुलाने जातीचा दाखला मागितला, तर त्याने आपले पूर्वज 6 सप्टेंबर 1950 रोजी या राज्यात राहत होते असा पुरावा द्यावा अशी अपेक्षा असते. विमुक्त जातींसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. विचार करा. 6 सप्टेंबर 1950 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशातून अजून रद्द व्हावयाचा होता. त्या दिवशी या मुलाचा आजा कोणत्या शाळेत दाखल असणार? कोणत्या गावच्या घरपट्टीत त्याचे नाव असणार? त्याची नोंद असलीच तर ती पोलिसांच्या वहीत असणार. ज्याला स्थिर होऊ दिले नाही, त्याच्याकडेच स्थिर असल्याचा पुरावा मागावयाचा, हा कोणता न्याय?

दाखला नाही म्हणून वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. घरकुल मंजूर व्हावे तर पायाखाली स्वतःची जागा पाहिजे. जागा म्हणजे गायरान, आणि गायरानावर राहणे म्हणजे अतिक्रमण! एकेका कागदाची ही तार जोडीत गेल्यास सोलापूरच्या वसाहतीभोवती जसे कुंपण होते तसेच कुंपण तयार होते. फरक एवढाच की हे डोळ्यांना दिसत नाही.

कागदाचे हे दुःख आपल्याला नवे आहे काय? 1956 साली नागपूरला आपल्या वाडवडिलांनी धम्म स्वीकारला आणि केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. तो हक्क परत मिळावयास 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! माणूस तोच, झोपडी तीच, विहिरीवरचा अपमान तोच, आणि कागद मात्र म्हणे की तू तो नव्हेस. ज्यांनी हे सोसले, त्यांना पारध्याच्या हातातील कोरा कागद वाचता आलाच पाहिजे.

जमिनीचेही तसेच. 1964-65 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. त्याच वाटेने पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा लढा लढविला. दलित-आदिवासी भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचा निर्णय सरकारने 1991 साली घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जातीजमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेले पट्टे अपवादात्मक बाब म्हणून नियमित करता येतील असे म्हटले. तो अपवाद किती ग्रामसभांत वाचून दाखविला गेला? अतिक्रमण काढण्याची ओळ सर्वांना पाठ. अपवादाची ओळ कोणालाच ठाऊक नाही!

‘ते चोरच आहेत’

आता प्रतिपक्षाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. हमरस्त्यावर मालमोटारी लुटल्या जातात, वस्तीत गावठी दारू गाळली जाते, दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विकली जाते, असे सांगण्यात येते. मी यातील काहीच घडत नाही असे म्हणणार नाही. ज्या चालकाचा माल रात्री लुटला गेला, त्याचे दुःख खरे आहे. ज्याने गुन्हा केला त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. त्यात पारधी म्हणून सूट नको. परंतु गुन्हा माणूस करतो, जात करीत नाही. दुसऱ्या जातीच्या व्यापाऱ्याने कर बुडविला तर त्याच्या गल्लीतील सगळ्या तरुणांना आपण पहाटे उचलून नेतो काय?

न्यायालयांनी हे आता स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. 2003 सालच्या एका खटल्यात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना फाशीची शिक्षा झाली होती. सोळा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. मे 2024 मध्ये अमानतुल्ला खान खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की मागास समाजांतील माणसांची नावे पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदवहीत यांत्रिकपणे चढवू नयेत. 3 ऑक्टोबर 2024 च्या सुकन्या शांता निकालाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द ठरविले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असा आदेश दिला. असे असताना ‘ते चोरच आहेत’ हे वाक्य उच्चारणारा माणूस पारध्याविषयी काही सांगत नसतो. तो 1871 साली अडकून पडला आहे, एवढेच सांगत असतो.

आपला हात कोठे गेला?

आणि आता ती गोष्ट, जी लिहिताना माझी लेखणी अडखळते.

विधी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी वकिली सुरू केली, त्या पहिल्या वर्षांत एक पारधी बाई माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याला संशयावरून धरून नेले होते. ती दारात उभी राहिली आणि माझा हात आपोआप मेजावरच्या पिशवीकडे गेला. मी ती उचलून मांडीवर घेतली. मी तसे ठरविले नव्हते. पण तिने ते पाहिले. मी पुढे केलेल्या खुर्चीकडे न पाहता ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या साहेब, आमी खालीच बसतो.” आणि ती उंबऱ्यापाशी बसली. माझ्या आजीला ज्या ओसरीवर पाय ठेवू दिला नव्हता, ती ओसरी त्या दिवशी माझ्याच कचेरीत उभी राहिली होती. पुढे तो माणूस जामिनावर सुटला; मी मात्र त्या पिशवीपासून अजून सुटलो नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. जिल्ह्यातील एका गावी गायरानावरील पारध्यांना हटवावे असा ठराव ग्रामसभेत झाला. ठरावाची नक्कल माझ्या हाती आली, तेव्हा सह्यांमध्ये आपल्या वाड्यातील अकरा नावे दिसली. एका वृद्ध उपासकाला मी कारण विचारले. ते खाली पाहून म्हणाले, “वकीलसाहेब, गावासंगं ऱ्हावं लागतं.” गावासंगे! ज्या गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावासंगे आपण वेशीबाहेरच्या दुसऱ्या माणसाला हाकलावयास उभे राहिलो!

अनुसूचित जमातीच्या माणसाला राहते घर किंवा वस्ती सोडावयास भाग पाडणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र तो गुन्हा अनुसूचित जातीजमातींबाहेरच्या माणसाचाच होऊ शकतो. म्हणजे त्या अकरा सह्या करणाऱ्यांवर तो खटला चालू शकत नाही. कायदा करणाऱ्यांनी जणू गृहीतच धरले होते की ज्याने हे सोसले तो दुसऱ्यावर हे करणार नाही. आपण त्या विश्वासाचे काय केले?

बाबासाहेब 1928 साली मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिम जमाती या दोहोंची स्थिती तपासणे हे त्या समितीचे काम होते. 1948 सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, आदिम जमाती आणि अस्पृश्य या तिन्ही वर्गांना शेजारी शेजारी उभे केले आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच आरोपी केले. त्या तीन वर्गांपैकी दोन वर्गांचे दुःख फासेपारध्याच्या एकाच देहात आहे. 27 मे 2007 रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्याबरोबर भटक्या-विमुक्तांनी धम्म स्वीकारला, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. त्यांच्यासाठी आपल्या पंगतीत पाट मांडला काय?

दूरच्या डोंगरातील साक्ष

कोणी म्हणेल, आम्हीच गरीब, आम्ही कोणाला काय देणार? त्याचे उत्तर देशाच्या पूर्व टोकाला आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, लष्कराने सत्ता बळकावली. तेथील चिन डोंगरातल्या लोकांनी विरोध केला, तेव्हा त्यांची वस्ती जाळण्यात आली; थांतलांग गावातील दीडशेहून अधिक घरे 29 ऑक्टोबर 2021 च्या एका दिवसात पेटली. हजारो चिन कुटुंबे सरहद्द ओलांडून मिझोराममध्ये आली. निर्वासितांच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि त्यांना आत येऊ देऊ नये असे दिल्लीहून कळविण्यात आले होते. तरीही मिझो गावकऱ्यांनी, तरुणांच्या संघटनेने आणि चर्चनी त्यांना जागा दिली, घरातला तांदूळ वाटून घेतला, त्यांच्या मुलांना शाळेत बसविले. मिझोराम काही श्रीमंतांचे राज्य नव्हे. ही आपली माणसे आहेत, एवढेच ते म्हणाले.

यात आपल्यासाठी एक कटू धडाही आहे. ज्या लष्कराने ती घरे जाळली, त्याचे सेनापती बुद्धमूर्तीपुढे हात जोडतात. तेव्हा मूर्तीपुढे हात जोडल्याने माणूस बौद्ध ठरत नाही. तो हात ग्रामसभेत कोणाविरुद्ध वर होतो, यावरून ठरतो. चिन निर्वासिताजवळ देशाचा कागद नाही म्हणून तो असहाय आहे. तेरखेड्याचा पारधी तर याच देशाचा नागरिक आहे, राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने त्याला या देशात कोठेही राहण्याचा हक्क दिलेला आहे. आणि तरी तो आपल्याच जिल्ह्यात निर्वासित आहे. दोघांत अधिक लाज कोणाची?

मग करावयाचे काय?

सभा आणि ठराव पुरे झाले. पुढील कामे कोणत्याही विहारातून आजच सुरू होऊ शकतात.

पहिले काम कागदाचे. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एक दिवस वस्तीवर जाऊन बसावे. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, जातीच्या दाखल्याचा अर्ज, यांपैकी कोणाजवळ काय नाही ते लिहून घ्यावे आणि अर्ज भरून त्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये.

दुसरे काम जमिनीचे. गायरानावरील वस्तीचा प्रश्न ग्रामसभेत आला की आपला हात तिच्या बाजूने वर व्हावा. तेवढे धैर्य नसेल त्याने निदान सही करू नये.

तिसरे काम न्यायालयाचे. अनुसूचित जातीजमातींच्या प्रत्येक व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा कायद्याने विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही. कोणाला धरून नेल्याचे कळताच तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. माझ्या व्यवसायबंधूंनी हे काम उपकार म्हणून न करता कर्तव्य म्हणून करावे.

चौथे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. पारध्याचे पोर शाळेत आले तर त्याला आपल्या पोराशेजारी बसवा. घरी त्याची बोली निराळी असते, पहिल्या वर्षी त्याला मराठी कळत नाही. त्याला मठ्ठ म्हणू नका. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी इतर विचारांच्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी शाळा आणि वसतिगृह उभे केले. त्यांच्याशी आपला मतभेद असेल. पण त्यांच्यावर टीका करण्यापूर्वी आपण किती मुले शिकविली, त्याचा आकडा खिशात असावा.

आणि ज्यांना पांघरूणच द्यावयाचे असेल त्यांनी तेही खुशाल द्यावे. मात्र प्रत्येक पांघरुणाच्या घडीत एक भरलेला अर्ज असावा. पांघरूण दोन हिवाळ्यांत विरते. जागेचा उतारा नातवाच्या हाती जातो. पुढच्या आश्विनात फटाके घ्यावयास तेरखेड्याला जाल, तेव्हा गावाबाहेरच्या त्या वस्तीकडेही वळा, आणि जाताना हातात काय आहे ते एकदा तपासून पाहा.